आधी रक्त पाठवा, मग माणूस



कूर्गच्या सहलीला जाऊन आलेल्या मराठी माणसाला बैलकुप्पे माहीत असतं. म्हैसूर सोडलं की हुणसूर, मग पिरियापट्टण, आणि कावेरीकाठच्या कुशालनगरच्या थोडं अलीकडे ही तिबेटी वसाहत. नामद्रोलिंग मठाच्या सुवर्णमंदिरातल्या भव्य मूर्ती पाहायच्या, बाहेर मोमो खायचे आणि मडिकेरीची वाट धरायची, असा आपला शिरस्ता. आज मी तुम्हाला त्याच गावातल्या दवाखान्याच्या बाकावर बसवणार आहे. थायरॉइड ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करते आहे असं निदान झाल्यावर पुढच्या तपासण्या आणि तज्ज्ञ डॉक्टर मिळेपर्यंत रुग्णाचं काय होतं, आणि काय व्हायला हवं, हा आजचा विषय.

बैलकुप्पेच का निवडलं, ते आधी सांगतो. 1959 मध्ये दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्यामागून हजारो तिबेटी आले. तेव्हाच्या म्हैसूर राज्याने जमीन दिली, आणि 1960 च्या अखेरीला पहिले निर्वासित इथल्या जंगलात उतरले. झाडं तोडून, मका लावून त्यांनी लुगसुंग समडुपलिंग ही पहिली वसाहत उभी केली. 1969 मध्ये शेजारी डिक्यी लारसो ही दुसरी झाली. पुढे सेरा मठ पुन्हा उभा राहिला, हजारो भिक्षू शिकायला आले. आज तिथे त्सो-झे इस्पितळ आहे, मठांचे दवाखाने आहेत, तिबेटी वैद्यकाच्या मेन-त्सी-खांग संस्थेची शाखा आहे. म्हणजे हे काही आडरान नाही. डॉक्टर आहेत, रक्त काढायची सोय आहे, दारातून पक्का रस्ता जातो. तरीही या आजारात ज्या दोन गोष्टींची गरज पडते, म्हणजे अंतःस्रावी ग्रंथींचे तज्ज्ञ आणि किरणोत्सारी द्रव्यांनी तपासणी-उपचार करणारा विभाग, त्या गाठायला सहसा 80 किलोमीटरवरचं म्हैसूर किंवा 220 किलोमीटरच्या आसपासचं बंगळूर गाठावं लागतं. आपल्या बहुतेक तालुक्यांची स्थिती नेमकी हीच आहे. म्हणून बैलकुप्प्याची अडचण समजली की आपली समजते.

तिथे एका तपासणी शिबिरात एक आजीबाई आल्या होत्या. अंगात चुबा हा तिबेटी झगा, वर पट्ट्यापट्ट्यांचा आडवा रंगीत एप्रन, डाव्या हातात जपमाळ. सोबत आलेला नातू मी हिंदीत विचारलेलं तिबेटीत सांगायचा आणि ‘आमा-ला’ काय म्हणाल्या ते परत हिंदीत. मी त्यांना दोन्ही हात समोर ताणून धरायला सांगितले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागदाच्या कडा थरथरू लागल्या. नाडी मिनिटाला 120 च्या पुढे, आणि ठेकाही चुकत होता. नातवाने प्लॅस्टिकच्या पिशवीतून रक्ताचा रिपोर्ट काढला. टीएसएच, म्हणजे मेंदूकडून थायरॉइडला जाणारा हुकूम, जवळजवळ शून्य; टी-फोर, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक, बरंच जास्त. रिपोर्ट काही महिन्यांपूर्वीचा होता. मागच्या बाजूला पेनाने लिहिलेलं होतं : ‘पुढील तपासणीसाठी म्हैसूर.’ कोणती तपासणी, कोणत्या विभागात, कोणत्या वारी, किती पैसे घेऊन, काय खाऊन किंवा न खाता, यातलं काहीही नव्हतं. कुणाकडे जायचं तेच ठाऊक नसल्यामुळे त्या गेल्याच नव्हत्या. तोवर इकडे हृदयाचा ठेका बिघडला होता.

श्रोतेहो, आजार ओळखला गेला होता. ओळखीनंतरची वाट कुणी आखून दिली नव्हती. मला आज बोलायचं आहे ते या वाटेबद्दल.

मुळात ही ओळखही उशिराच पटते. वजन उतरतंय, रात्री घाम येतोय, अशक्तपणा आहे, म्हटल्यावर तिबेटी वस्तीतल्या डॉक्टरांच्या मनात पहिल्यांदा क्षयरोग येतो, आणि त्यात त्यांचं चुकत नाही. तिबेटी निर्वासितांमध्ये क्षयाचं प्रमाण फार मोठं राहिलेलं आहे. थुंकी तपासली, छातीचा फोटो काढला, काही सापडलं नाही की रुग्ण घरी जातो. झोप लागत नाही, छाती धडधडते, जीव घाबरतो, म्हटलं की तिबेटी वैद्यकातल्या ‘लुङ’च्या, म्हणजे वाताच्या बिघाडाचा विचार होतो. अभ्यासाचा, ध्यानाचा ताण असलेल्या भिक्षूच्या बाबतीत तर हमखास. आणि उकाडा सोसत नाही म्हटलं, तर थंड मुलखातली माणसं, त्यांना कर्नाटकातलं ऊन कसं सोसणार, असं म्हणून सोडून दिलं जातं. आपल्याकडेही वेगळं काही होत नाही. तरुण मुलीला ‘टेन्शन’, पन्नाशीच्या बाईला ‘पाळी जायचे दिवस’ आणि सत्तरीच्या आजोबांना ‘वय झालं’ असं सांगून वाटेला लावतात. म्हाताऱ्या माणसात तर थरथर, घाम यांतलं काहीच ठळक दिसत नाही. नुसतं वजन घटतं आणि हृदय अनियमित चालतं. अशा प्रत्येक ठिकाणी टीएसएचची एक साधी तपासणी क्षयाच्या तपासणीसोबतच व्हायला हवी.

आता निदान झालं असं धरू. टीएसएच खाली आणि टी-फोर, टी-थ्री वर, याचा अर्थ शरीरात थायरॉइडचं संप्रेरक जास्त आहे. ते का जास्त आहे, हे या तीन आकड्यांवरून कळत नाही, आणि उपचार तर सगळा त्या कारणावर ठरतो.

पहिलं आणि सर्वांत मोठं कारण ग्रेव्हजचा आजार. डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्हज यांनी 1835 मध्ये त्याचं वर्णन केलं. यात आपल्याच शरीराची प्रतिद्रव्यं थायरॉइडला सतत काम करायला लावतात. गळा सगळाच फुगतो, काहींचे डोळे बाहेर आल्यासारखे दिसतात. दुसरं कारण गाठींचं. ग्रंथीतल्या एक किंवा अनेक गाठी मेंदूचा हुकूम न जुमानता संप्रेरक बनवत राहतात. हे उतारवयात जास्त दिसतं, आणि ज्यांचं बालपण आयोडीन कमी असलेल्या भागात गेलं त्यांच्यात विशेष. तिबेटचं पठार आणि हिमालयाचा पायथा आयोडीनच्या कमतरतेसाठी ओळखला जातो. अशा गाठी असलेल्या माणसाला पुढे भरपूर आयोडीन मिळालं तर त्या जोर धरू शकतात. ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात 1966 मध्ये पावात आयोडीन घालायला सुरुवात झाल्यावर अशा रुग्णांची संख्या वाढलेली नोंदली गेली. याचा अर्थ आयोडीनयुक्त मीठ टाकून द्या, असा कुणीही घेऊ नये. लक्षावधी बाळांची बुद्धी त्या मिठाने वाचवली आहे. अर्थ इतकाच की तिबेटातून चालत आलेल्या पिढीतल्या आजीच्या गळ्याला हात लावून पाहिलाच पाहिजे.

तिसरं कारण ग्रंथीला आलेली सूज. विषाणूच्या तापानंतर गळा दुखून, किंवा बाळंतपणानंतरच्या वर्षात काहीही न दुखता ग्रंथी सुजते आणि साठवलेलं संप्रेरक रक्तात सांडतं. इथे नवं संप्रेरक बनतच नसतं, त्यामुळे ते बनणं थांबवणारी कार्बिमॅझोलची गोळी देऊन उपयोग शून्य. काही आठवड्यांत, महिन्यांत हे आपोआप ओसरतं. धडधडीसाठी प्रोप्रॅनोलॉल पुरतं, तेही दमा नसेल तर. चौथं कारण बाहेरून आलेलं : गरजेपेक्षा जास्त थायरॉक्सिन, हृदयाच्या ठेक्यासाठीचं अमिओडॅरोन, स्कॅनसाठी दिलेलं आयोडीनचं द्रव्य. अश्वगंधा घेणाऱ्यांमध्येही संप्रेरक वाढल्याच्या नोंदी आहेत. म्हणून वैद्याचं, मेन-त्सी-खांगचं, आयुर्वेदाचं जे काही चालू असेल ते डॉक्टरांना उघडपणे सांगा, आणि डॉक्टरांनीही ते न रागावता ऐकून घ्यावं.

म्हणजे ‘थायरॉइड वाढलंय’ म्हटल्याबरोबर सगळ्यांना एकच गोळी देऊन चालत नाही. ग्रेव्हजमध्ये कार्बिमॅझोल साधारण 12 ते 18 महिने देतात आणि बंद करून पाहतात. निम्म्याच्या आसपास लोकांत आजार उलटतो. गाठींमध्ये गोळी चालू असेपर्यंत दाबून ठेवते, पण कायमचा उपाय रेडिओआयोडीन, म्हणजे किरणोत्सारी आयोडीन, किंवा शस्त्रक्रिया. सुजेत गोळीच नको. मग कारण शोधण्यासाठी बैलकुप्प्याच्या आजीबाईंनी पहिल्याच दिवशी म्हैसूरची बस धरायची का?

माझं उत्तर आहे, नाही. तपासणीच्या वाटेवर तीन गोष्टी प्रवास करू शकतात : रक्त, कागद आणि माणूस. रक्त आणि कागद स्वस्तात आणि वेगाने जातात. माणसाला मात्र प्रवासाचं भाडं पडतं, मजुरी बुडते, सोबतीला कुणी लागतं, धडधडत्या छातीने उभं राहावं लागतं. म्हणून आधी रक्त पाठवायचं, मग कागद, आणि माणूस अगदी शेवटी, नेमक्या कामासाठी.

रक्ताचं असं आहे. टीएसएच, फ्री टी-फोर, टी-थ्री गावाजवळच होतं. त्याच दिवशी रक्तपेशींची मोजणी आणि यकृताची तपासणी करून घ्यायची, कारण कार्बिमॅझोल सुरू करण्याआधीची स्थिती नोंदलेली असली पाहिजे. आणि त्याच सुईत टीएसएच रिसेप्टरच्या प्रतिद्रव्यांची तपासणी मागायची. ही छोट्या प्रयोगशाळेत होत नाही, पण रक्तातला द्रव थंड ठेवून मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवता येतो आणि रिपोर्ट फोनवर येतो. ही प्रतिद्रव्यं सापडली आणि लक्षणं जुळली की ग्रेव्हजचं निदान पक्कं होतं, बऱ्याच रुग्णांना थायरॉइडचा किरणोत्सारी स्कॅन लागतच नाही. एका तपासणीने म्हैसूरची एक फेरी वाचते. फक्त एक पथ्य : केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त द्यायच्या दोन-तीन दिवस आधी थांबवा. नाहीतर नसलेला आजार रिपोर्टात दिसू शकतो.

दुसरा कागद. 2019 पासून सरकारची ई-संजीवनी सेवा आहे. तिच्यातून गावातला डॉक्टर शहरातल्या डॉक्टरांशी बोलू शकतो. पण शहरातल्या तज्ज्ञाला उपयोग व्हावा असा कागद जायला हवा. त्यावर नाडी किती आणि नियमित आहे का, वजन किती उतरलं, डोळे कसे आहेत, गळा सगळा सुजलाय की एकाच बाजूला गाठ लागते, दुखतो का, दिवस गेलेत का किंवा नुकतंच बाळंतपण झालंय का, कोणती औषधं चालू आहेत, आणि सगळे रिपोर्ट तारखेवार, इतकं हवं. एका पानाचं काम आहे. या एका पानावर पुष्कळ रुग्णांचा पहिला उपचार गावातच सुरू होऊ शकतो. पुढे सुरुवातीला चार ते सहा आठवड्यांनी रक्त, मग दोन-तीन महिन्यांनी. त्यातही एक लक्षात ठेवा, टीएसएच कित्येक आठवडे, कधी महिनोन्महिने, खालीच राहतं. डोस ठरवताना टी-फोर आणि टी-थ्रीकडे पाहावं लागतं. केवळ टीएसएच पाहून गोळ्या वाढवत गेलं तर माणूस दुसऱ्या टोकाला जातो.

मग माणसाने कधी जायचं? प्रतिद्रव्यं सापडली नाहीत किंवा गाठ लागते, तेव्हा स्कॅनसाठी. डोळे दुखतात, दोन-दोन दिसतं, तेव्हा नेत्रतज्ज्ञाकडे, तेही लगेच. गळ्याची गाठ गिळायला, श्वासाला आड येते, तेव्हा शल्यचिकित्सकाकडे. आणि रेडिओआयोडीन घ्यायचं ठरलं, तेव्हा.

या रेडिओआयोडीनची गोष्ट थेट आपल्या मुंबईशी जोडलेली आहे. 1941 मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल इस्पितळात सॉल हर्ट्झ यांनी पहिल्यांदा अतिक्रियाशील थायरॉइडच्या रुग्णाला किरणोत्सारी आयोडीन दिलं. थायरॉइड आयोडीन ओढून घेते, त्यामुळे औषध आपोआप नेमक्या जागी पोचतं. आपल्याकडे 1956 मध्ये तुर्भ्याला अप्सरा अणुभट्टी सुरू झाली, आणि 1963 मध्ये, पुढे भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखल्या गेलेल्या संस्थेच्या वतीने, परळला रेडिएशन मेडिसिन सेंटर उभं राहिलं. थायरॉइडचे असंख्य रुग्ण तिथून बरे होऊन गेले. आज वाशीचं बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी देशभरातल्या इस्पितळांना आयोडीन-131 पुरवतं.

या औषधाचं अर्धायुष्य 8 दिवस. म्हणजे आज आलेल्या कुपीची ताकद पुढच्या आठवड्यात जवळजवळ निम्मी होते. ते फडताळात ठेवून देता येत नाही. अमुक वारी या, असं विभाग सांगतो तेव्हा त्या तारखेला एखाद्या रुग्णाच्या नावाने औषध निघालेलं असतं. बैलकुप्प्याहून निघालेल्या माणसाची बस चुकली, किंवा मागच्या महिन्यात त्याने दुसऱ्याच कारणासाठी आयोडीनचं द्रव्य टोचून सीटी स्कॅन केला होता हे कुणी विचारलंच नाही, किंवा कार्बिमॅझोल काही दिवस आधी थांबवायची हे सांगायचं राहिलं, तर फेरी फुकट. बाईमाणसाची गरोदरपणाची तपासणी आधी झाली नसेल तरीही फुकट. म्हणून निघण्यापूर्वीची यादी रुग्णाच्या हातात, त्याच्या भाषेत असली पाहिजे.

औषध घेऊन परतल्यावर काही दिवस लहान मुलं आणि गरोदर बायका यांच्यापासून अंतर राखावं लागतं, वेगळं झोपावं लागतं. मठाच्या वसतिगृहात एका खोलीत पाच-सहा भिक्षू झोपतात. आपल्या चाळीतल्या घरात आजी नातवंडांच्या शेजारी झोपते. ही व्यवस्था आधी केली नाही तर माणूस उपचारच टाळतो. पाहुण्यांची एक खोली विभाग सांगेल तितके दिवस मोकळी ठेवली की काम भागतं. मठाला ते सहज जमेल, आपल्या देवस्थानांच्या भक्तनिवासांनाही जमेल. पुढे किमान सहा महिने गर्भधारणा टाळायची, आणि रक्ताची तपासणी चालू ठेवायची, कारण बऱ्याच लोकांची ग्रंथी नंतर थंडावते आणि रोज थायरॉक्सिन घ्यावं लागतं. ते अपयश नाही. ते नियंत्रणात ठेवायला खूप सोपं आहे. हे आधी सांगितलं तर रुग्णाला फसवल्यासारखं वाटत नाही.

काही वेळा मात्र रक्त, कागद, यादी, काहीही पाहत बसायचं नसतं. कार्बिमॅझोल चालू असताना ताप आणि घसा दुखणं एकदम सुरू झालं तर गोळी थांबवा आणि त्याच दिवशी पांढऱ्या पेशी मोजून घ्या. क्वचित हे औषध त्या पेशीच नाहीशा करतं. डोळे, लघवी पिवळी झाली तरी थांबवून डॉक्टर गाठा. दिवस गेल्याचं कळलं तर गोळी स्वतःहून बदलू नका, बंदही करू नका, पण त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. पहिल्या तीन महिन्यांत वेगळं औषध लागू शकतं. तीव्र ताप, प्रचंड धडधड, जुलाब आणि भ्रम एकत्र आले तर जवळच्या मोठ्या इस्पितळात तातडीने न्या.

आणि एक गोष्ट बैलकुप्प्यात मुद्दाम सांगावी अशी. आशियाई तरुणांमध्ये, विशेषतः पुरुषांमध्ये, या आजारात अचानक पाय लुळे पडण्याचा प्रकार होतो. सेराच्या अंगणात तरुण भिक्षू वादविवादाचा सराव करतात. टाळी देत, पाय आपटत तासन्‌तास चालतं. अशा श्रमानंतर भात, नूडल्स, मोमोंचं भरपेट जेवण करून तो झोपला आणि पहाटे उठताच येईना, तर तो भीतीने, उपासाने की आणखी कशाने असं म्हणत बसू नका. रक्तातलं पोटॅशियम पाहा आणि थायरॉइड पाहा. पोटॅशियम वेळेत दिलं तर तो चालायला लागतो, दुर्लक्ष झालं तर हृदयावर बेततं.

आता पैशाबद्दल. तिबेटी प्रशासनाने 2012 मध्ये वर्गणीवर चालणारी तिबेटी मेडिकेअर योजना सुरू केली. केंद्राची आयुष्मान भारत योजना 2018 मध्ये आली, महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. या योजनांनी फार मोठं काम केलं आहे. पण आयुष्मान आणि फुले योजनेची मांडणी प्रामुख्याने इस्पितळात भरती होणाऱ्या रुग्णासाठी आहे. अतिक्रियाशील थायरॉइडचा रुग्ण सहसा भरती होत नाही. त्याचा खर्च असतो दर एक ते तीन महिन्यांनी करायचं रक्त, एक प्रतिद्रव्यांची तपासणी, तज्ज्ञाची फी आणि बसभाडं. एकेक रक्कम लहान, पण वर्षभर चालणारी. गरीब माणूस तिसऱ्या तपासणीला गळतो, तो तिथे. वेळेवर रक्त न तपासलेला हा रुग्ण पुढे हृदयाच्या झटक्याने किंवा पक्षाघाताने भरती होतो, तेव्हा मात्र योजना त्याच्यासाठी लाखभर रुपये मोजायला तयार असते. हा हिशेब मला अस्वस्थ करतो. या आजाराचं बाह्यरुग्ण रक्त मोफत झालंच पाहिजे.

आपल्या महाराष्ट्रातही एक तिबेटी वसाहत आहे, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यातल्या गोठणगावजवळची नोर्ग्येलिंग. तिथल्या आमा-लांसाठी नागपूर दूर आहे, आणि शेजारच्या गडचिरोलीतल्या आजीसाठीही तितकंच दूर. नंदुरबारच्या, सिंधुदुर्गाच्या, खानापूरच्या रुग्णाचंही तेच. त्यांच्यासाठी तज्ज्ञ तालुक्यात येईल याची वाट पाहत बसण्यापेक्षा आपल्याकडे आहे तेवढ्या व्यवस्थेला शिस्त लावणं आपल्या हातात आहे.

म्हणून माझ्या तीन मागण्या. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात अतिक्रियाशील थायरॉइडच्या रुग्णाला निदानाच्या दिवशीच एक पान मिळावं : कोणतं रक्त कधी, कोणत्या खुणांना धावत यायचं, आणि शहरात जायची वेळ आली तर कोणता विभाग, कोणता वार, काय सोबत. हे पान मराठीत असावं, नोर्ग्येलिंगमध्ये तिबेटीतही. दुसरं, प्रतिद्रव्यांची तपासणी सरकारी रक्तसंकलनात यावी, म्हणजे माणसाऐवजी रक्त जाईल. तिसरं तुमच्याकडे : तुमच्या घरात, शेजारात, तुमच्या स्वयंपाकाच्या मावशींना कुणी ‘थायरॉइड आहे’ इतकंच सांगितलं असेल, तर उद्या त्यांचा रिपोर्ट काढायला सांगा. कमी आहे की जास्त, आणि जास्त असेल तर कशामुळे, हे लिहिलेलं आहे का ते पाहा. नसेल तर त्यांच्यासोबत डॉक्टरांकडे जा आणि हा एकच प्रश्न विचारा. त्याचं उत्तर मिळेपर्यंत तिथून उठू नका.